पाटीमागची जाळी

११:०४ चालू.
११:४५ बंद.

बंद होताना आधी पंखा ओरडतो, मग पडदा काळा होतो, मग टेबलाखाली शांतता. त्या शांततेत वास येतो. भाजलेली धूळ, तिच्यात कापूर, आणि त्याखाली आणखी काहीतरी मेलेलं.

१२:०१ चालू.
१२:३८ बंद.

जुन्या उपग्रह-चित्रांचे एकशे चाळीस तुकडे आहेत. ते जोडायचे, सरळ करायचे, मग त्यांच्यावर त्रेसष्ट शेतांच्या हद्दी आणि त्रेसष्ट नावं बसवायची. हद्दी आमश्या नाना या आदिवासी शेतकऱ्याच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या लोकांनी मोबाइल हातात धरून बांधाबांधाने चालून घेतल्यात. नुसत्या जोडण्याला संगणकाला सलग तीन तास लागतात. मधेच बंद पडला की जोडलेलं सगळं जातं, पुन्हा पहिल्या तुकड्यापासून. आणि तो पाऊण तासही टिकत नाही. सायबरवाल्याच्या संगणकावर ही चित्रं उघडतसुद्धा नाहीत.

जंगलातली ही शेतं पूर्वीपासून तेच कसतात हे दाखवायची वनहक्काची सुनावणी शिरपूरला अठ्ठावीस तारखेला. आज एकोणीस. पाड्याची फाइल याआधी दोनदा परत आली, कारण हाताने काढलेल्या नकाशात कुणाचं शेत कुठे तेच कळत नव्हतं.

मी रत्ना. धुळ्यात पाचव्या गल्लीत सुगनचंद सेठजींच्या ट्रस्टचं मोफत संगणक केंद्र आहे, त्यांच्या जुन्या कापसाच्या रुईच्या गोदामाच्या वर. ते मी चालवते. सकाळी मुलींना टायपिंग, दुपारी हा नकाशा. नकाशाला परवानगी देताना सेठजी म्हणाले होते, "करो बेटा. गरिबांचं काम आहे. फोटो चांगला येईल."

संगणक एकच दमदार. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला, बारा वर्षांचा, दोन प्रोसेसरचा, गोणीएवढा जड. ट्रस्टने तो जळगावहून आणला आणि वाजतगाजत त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या तोंडावर स्टीलची पाटी आहे.

कै. सौ. कुसुमलता सुगनचंद
यांच्या पुण्यस्मरणार्थ
सप्रेम भेट

"मशीन जुनी झाली," सेठजी म्हणाले. "काय काय बदलायचं, लिहून दे. सव्वीसला कुसुमची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी करू."

मी लिहून दिलं.

रॅम. सोळा आहे, चौसष्ट हवी. सर्व्हरची लागते, साधी चालत नाही.
एसएसडी. जुनी डिस्क दळण दळल्यासारखी वाजते.
दोन्ही प्रोसेसरचे पंखे.
पॉवर सप्लाय, जमला तर.
ग्राफिक कार्ड नको. या कामाला त्याचा उपयोग नाही.

सेठजी बडीशेप चघळत होते. बोट जिभेला लावून त्यांनी कागद उलटला. मागे कोरा होता. पुन्हा उलटला. माझ्या रॅमवर बडीशेपेचा हिरवा ओला ठिपका पडला.

"ही रॅम कुठे दिसते?"

"दिसत नाही, बाबूजी. आत असते."

"आणि ही एस.. एस.."

"तीही आत."

"पंखे?"

"आतच."

त्यांनी बडीशेप गालात सरकवली.

"मग नाव कुठे टाकायचं?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या धर्मशाळेतल्या छताच्या पंख्यांना तीन पाती आहेत आणि तिन्ही पात्यांवर त्यांच्या वडिलांचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरला की नाव दिसत नाही. म्हणून मोठे पाहुणे आले की पंखे बंद ठेवतात. मे महिन्यात मी तिथे एका सत्काराला बसले होते. वर वडिलांचं नाव स्पष्ट वाचता येत होतं आणि खाली दोनशे माणसं घामाने निथळत टाळ्या वाजवत होती.

नातू मनन शेजारी उभा होता. एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, संगणकावर खेळतो. त्याने मोबाइल पुढे केला.

"दादाजी, हे बघा. काचेचं कॅबिनेट. आत बत्त्या. रंग बदलतात. ग्राफिक कार्डाच्या पाठीवर दादीचं नाव लेझरने टाकून देतात, बाहेरून दिसतं."

सेठजींच्या चेहऱ्यावर निळा, मग जांभळा, मग हिरवा उजेड पडला.

"हे," ते म्हणाले.

"पण त्याने काम होणार नाही," मी म्हणाले.

"ताई, काम तर होतंच राहतं," मनन म्हणाला.

माझी यादी त्यांनी घडी करून कान कोरायला घेतली. खरंच घेतली. कोपऱ्याचं टोक करून.

*

काचेच्या कॅबिनेटमध्ये आपलं मशीन बसेल का हे विचारायला मी ते उचलून जळगावला गिरधरभाऊंकडे नेलं. त्यांनीच ते विकलं होतं. एसटीत ते माझ्या शेजारच्या सीटवर बसलं. कंडक्टर म्हणाला, "यांचं फुल की हाफ?" पारोळ्याला एक म्हातारी चढली. पाटी वाचून तिने संगणकाला हात जोडले आणि उभीच राहिली. मी तिला माझी जागा दिली. एरंडोलपर्यंत मी उभी, कुसुमलताबाई बसलेल्या.

गिरधरभाऊंचं दुकान तळघरात आहे. पन्नाशीचा माणूस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी बाजूचा पत्रा काढला आणि दोन पावलं मागे सरकले.

आधी मला वाटलं आत मांजर झोपलंय.

रुई होती. वर्षभर गोदामातून जिन्याने वर चढलेली. आत जाऊन, धुळीत घोळून, गरम होऊन तिचा नमदा झाला होता. करडा, जाड, ओलसर. गिरधरभाऊंनी चिमट्याने टोक धरून ओढलं तर तो सलग निघाला, कातडी सोलावी तसा. खाली अक्षता. कुंकू तेलात कालवून वाळलेलं. नारळाचं पाणी ओघळून वाळल्याच्या पांढऱ्या रेघा. झेंडूचं देठ. झुरळांची अंडी, रॅमच्या पट्ट्यांमध्ये ओळीने, जणू तीही कुणीतरी मोजून बसवलीत. आणि पंख्याच्या पात्यात अडकून वाळलेली पाल. वास तिचा होता. तीन आठवडे मी तो वास घेत त्रेसष्ट माणसांची शेतं जोडत होते.

"ताई, हे मशीन शे का मसणवट?" गिरधरभाऊ म्हणाले.

"पूजा होते ना. दसऱ्याला, दिवाळीला. नारळ समोर फोडतात."

"समोर म्हणजे आतच."

त्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि ब्लोअर सुरू केला. दुकानभर करडे केस उडाले. एक माझ्या ओठाला चिकटला. मी थुंकले, पुन्हा थुंकले, तरी तो तिथेच असल्यासारखं वाटत राहिलं.

अर्ध्या तासाने मशीन आतून धातूसारखं दिसू लागलं. त्यांनी ते चालू केलं, सगळा जोर लावणारी चाचणी सुरू केली आणि पडद्यावर तापमान लावलं. सत्तर. ब्याऐंशी. एक्क्याण्णव. अठ्ठ्याण्णव. बंद.

"साफ करूनबी तेच," ते म्हणाले. मग मशीन पुढून नीट पाहिलं. पाटीवर नख वाजवलं. "हिच्यामागे काय शे?"

"काही नाही. जाळी आहे."

गिरधरभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणती जाळी?"

"नक्षीची. बारीक भोकांची."

"ताई, ती नक्षी नाही. या मशीनचं नाक शे ते. हवा तिथूनच आत जाते, दुसरीकडून कुठूनच नाही. तिच्यावर पत्रा कुणी ठोकला?"

ठोकला मनननं. पण उद्घाटनाच्या दिवशी सेठजी पाटी हातात घेऊन विचारत होते, कुठे लावू, कुठे लावू. दारातून दिसायला हवी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण संगणकातलं मला कळतं. मी बोट ठेवून सांगितलं, "इथे लावा. इथे सपाट आहे."

हे मी गिरधरभाऊंना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

चार स्क्रू. पाटीच्या मागे जाळी होती आणि जाळीच्या प्रत्येक भोकात रुईचा बोळा. मी ते टाचणीने एकेक काढले. मग चालू केलं. सत्तावन्न. साठ. एकसष्ट. एकसष्ट. चहा आला, चहा संपला. एकसष्ट. पुढून बारीक वारा आत जात होता, कागदाचा तुकडा धरला तर जाळीला चिकटत होता.

"मग काय काय बदलायचं?" मी विचारलं.

"काही नाही. ही बाई तोंडावरून काढा, बस. पुढे कधी जमलं तर तुमचीच यादी बरोबर होती. आधी रॅम."

"आणि काचेचं कॅबिनेट?"

"याचा बोर्ड कंपनीच्या मापाचा शे. दुसऱ्या कुठल्याच डब्यात बसत नाही. नातवाने कालच ऑर्डर दिली माझ्याकडे. कार्डाचीबी." त्यांनी फळीवरचं एक ग्राफिक कार्ड खाली काढलं. चकचकीत, वर फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा कागद. "दोन वर्षं रात्रंदिवस कुठेतरी तापलेलं शे हे. पेट्रोलने धुतलं, नवा स्टिकर मारला."

"आणि तुम्ही ते त्यांना देणार?"

"त्यांना चालवायचं कुठे शे, ताई? दाखवायचं शे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी त्यांच्याकडचा दुसरा चहा घेतला.

*

बावीस तारीख.

१०:२० चालू.
१:३१ जोडणी पूर्ण.

एकशे चाळीस तुकडे एका चित्रात. डोंगराची धार, नाला, आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना वीस वर्षांपूर्वीची नांगरलेली तपकिरी चिंधीएवढी शेतं. आता हद्दी बसवायच्या आणि नावं. मी खुर्चीतून उठून जाळीवर तळहात धरला. वारा येत होता.

सेठजी दारात उभे होते.

"कुसुम कुठे आहे?"

मी ड्रॉवरमधून पाटी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि नेमका तो कागद मुलींच्या कचोरीचा निघाला. पाटीवर तेलाचा डाग. सेठजींनी धोतराच्या टोकाने तो पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मी सगळं सांगितलं. जाळी, नाक, अठ्ठ्याण्णव, एकसष्ट. पाल सांगितली नाही.

"शेवटच्या दिवशी तिच्या खोलीत चाळीस जण होते," ते म्हणाले. "डॉक्टर सारखा सांगत होता, बाजूला व्हा, हवा येऊ द्या. कोणी हटलं नाही. सगळ्यांना तिच्यासमोर दिसायचं होतं. मलापण."

मी पाणी पुढे केलं.

पाणी पिऊन त्यांनी ग्लास ठेवला. "छब्बीसला साठ पाहुणे आहेत," ते म्हणाले. "तोपर्यंत पाटी होती तिथे लाव."

मी ग्लास उचलला.

"बाबूजी, पाटी लावली की मशीन बंद पडेल. सुनावणीला सहा दिवस राहिलेत."

"एक दिवस बंद राहिली तर काय होतं?"

ते खाली गेले. मग मनन वर आला. काचेचं कॅबिनेट आलं होतं आणि गिरधरभाऊंचं मी सांगितलेलं म्हणणं त्याला आता खरं वाटत होतं. बोर्ड बसत नव्हता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "त्यात काही टाकायलाच नको. नुसती बत्ती. पाटी त्याच्यावर लावू. आपली मशीन टेबलाखाली मागे सरकवून देऊ. कोण वाकून बघतंय?"

"रिकाम्या डब्याची पूजा करायची?"

"पूजा दादीची आहे ना. डब्याची कुठे?"

मी हो म्हणाले. दोन सेकंदही लागले नाहीत.

*

सव्वीस.

११:१० चालू. (टेबलाखाली)

टेबलावर काचेची पेटी. आत काहीच नाही, फक्त चार पंखे आणि त्यांच्या कडांना रंग. पेट्रोलने धुतलेलं कार्ड हवेत लटकवलेलं, त्याच्या पाठीवर कुसुमलताबाईंचं नाव. पुढे पाटी. पाटीला हार.

साठ पाहुणे रांगेने आले. पेटीला कुंकू लावलं. पेढा काचेला टेकवला, तुपाचा गोल डाग राहिला, पुढच्याने त्याच डागावर पेढा टेकवला. कापडाचे व्यापारी असलेले एक काका काचेला नाक लावून आत बघत म्हणाले, "स्पीड देखो इसकी." त्यांच्या पत्नीने विचारलं, "आवाज तर अजिबात नाही हो?" "नई मशीन है," काका म्हणाले. नारळ फुटला. पाणी काचेवरून ओघळून टेबलाच्या कडेला आलं. मी पुढे होऊन साडीच्या पदराने ते अडवलं, कारण खाली माझी त्रेसष्ट नावं चालू होती. लोकांना वाटलं मी तीर्थ घेतेय. दोघींनी माझ्यामागून येऊन तेच केलं.

सेठजी टेबलाला टेकून उभे होते. मशीनची गरम हवा मागून निघून त्यांच्या घोट्यांना लागत होती. धोतराची कड हलत होती. त्यांनी खाली पाहिलं. वर पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

पाहुणे जेवायला उतरले तेव्हा ते मागे राहिले.

"हे रिकामं आहे."

"हो, बाबूजी."

मला वाटलं ओरडतील. ते पेटीवरचा पेढ्याचा चुरा बोटाने गोळा करत होते.

"नकाशा होईल आज?"

"होईल."

"त्यावर नाव टाक. कागदाला हवा लागत नाही ना?"

"तो सुनावणीला जायचा कागद आहे. तिथे.."

"कोपऱ्यात, बेटा. ट्रस्टची मशीन, ट्रस्टची वीज. मी पाटी काढली ना तोंडावरून?" चुऱ्याचं बोट त्यांनी तोंडात घातलं. "उद्या बघायला येतो."

४:०२ पूर्ण.

कोपऱ्यात जागा नव्हती. तिथे मोजपट्टी, उत्तर दिशेचा बाण, गाव समितीच्या सह्यांचे रकाने. नकाशात मोकळी जागा एकच, वरचं जंगल, जिथे कुणाचं शेत नाही. मी तिथे चौकट काढली. बारा सेंटिमीटर रुंद, चार उंच. पांढरी.

कै. सौ. कुसुमलता सुगनचंद
यांच्या पुण्यस्मरणार्थ
सप्रेम भेट

*

सत्तावीसला सकाळी आमश्या नाना नकाशा न्यायला आले, सोबत त्यांची भावजय गुंताबाई. पहाटेच्या गाडीने निघालेले. नाना साठीचे, जोडाक्षरं अडखळत वाचतात. मी नकाशा जमिनीवर पसरला. दोघं उकिडवे बसले. गुंताबाईंनी पदराने हात पुसले, मगच कागदाला बोट लावलं.

"बठ्ठास्नी नावे शेतस ना?" नानांनी विचारलं.

"सगळ्यांची. त्रेसष्ट."

त्यांनी नाल्यापासून सुरुवात केली. बोट एकेका शेतात शिरायचं, नाव वाचायचं, बांध ओलांडून पुढच्यात. स्वतःच्या शेतात बोट जरा वेळ थांबलं. गुंताबाईंचं त्याला लागून. "तुनं शे," नाना म्हणाले. त्यांना दिसतच होतं. "माले दखास," त्या म्हणाल्या. मग नानांचं बोट डोंगर चढत जंगलात गेलं आणि चौकटीला अडलं.

त्यांनी ती दोनदा वाचली.

"कुसुमलता," ते म्हणाले. "हाई कोन शे, ताई? हाई बाई आमना पाडानी नही."

"ती.. ज्यांनी संगणक दिला त्यांची बायको. वारली."

"वारनी." त्यांनी मान हलवली. "मंग हाई जागा तिनी शे का?"

"नाही नाना. नुसतं नाव आहे."

"आम्हनं बी नुसतं नावच शे अजून."

गुंताबाई खुदकन हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी करंगळी आणि अंगठा ताणून चौकटीवर धरला.

"कितली शे तिले?"

मला उत्तर द्यायची गरज नव्हती. पण हात आपोआप चालला. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. बारा गुणिले चाळीस. चार गुणिले चाळीस. चारशे ऐंशी बाय एकशे साठ.

"साडेसात हेक्टरच्या वर," मी म्हणाले.

त्यांच्या त्रेसष्टांत सगळ्यात मोठं शेत पावणेदोनचं आहे. गुंताबाईंचं एकालाही पोचत नाही.

"आमले कायदामा चार हेक्टरना वर देतस नहीत," नाना म्हणाले. त्यांनी पिशवीतून सह्यांची यादी काढून माझ्यापुढे धरली. "मंग तिनं बी नाव घाल यादीम्हा. चौसष्टावं. पन तिले सांगजो, सुनावणीले सोता येनं पडी. आमले बी जानं पडस."

काचेची पेटी टेबलावर निळी झाली, जांभळी झाली.

मी मशीन चालू केलं. चौकटीवर क्लिक केलं, ती काढली. तिच्याखाली जंगल होतं, जसंच्या तसं. प्रिंट निघायला नऊ मिनिटं लागली. त्या वेळात नाना टेबलाखाली वाकून बघत होते. जाळीसमोर त्यांनी हात धरला.

"हाई मशीन चांगलं शे," ते म्हणाले. "नवं शे का?"

"जुनंच आहे, नाना."

नकाशा त्यांनी गुंडाळी करून पाइपमध्ये घातला आणि दोघं बसस्टँडकडे गेले.

चौकटीचा नकाशा जमिनीवर तसाच पसरलेला होता. कुसुमलताबाईंच्या साडेसात हेक्टरवर नानांच्या अंगठ्याचा मातकट ठसा. मी तो पुसला नाही. दुपारी सेठजी आले, चष्मा लावून नाव वाचलं, ठशावर बोट घासून बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"माती," मी म्हणाले.

"फ्रेम करताना काच लावा. घाण दिसणार नाही," ते मननला म्हणाले. मग फ्रेमवर नाव कुठे येईल, वरच्या पट्टीवर की खालच्या, यावर त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. मी खिडकी उघडायला गेले. ती उघडत नव्हती. तिच्या चौकटीवर सेठजींच्या मोठ्या भावाच्या नावाची पाटी होती. दोन्ही झडपांवर मिळून एकच पाटी, मधोमध ठोकलेली.